वल्हं कोणाच्या हातात

माझी धाकटी बहीण व्हँकूव्हरला असते. गेल्या वर्षी एका रविवारी रात्री साडेनवाला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते. केस ओले, अंगात गुलाबी टीशर्ट आणि मागे पाण्यावर एक लांबच लांब नाव. नावेच्या तोंडाला रंगवलेलं ड्रॅगनचं डोकं. "ताई, आज मला पाचव्या फळीवर बसवलं!" ती ओरडली. चाळिशीत गणितात पहिला नंबर आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

तीन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. ज्या हाताने साधी परात उचलायची नाही असं मी तिला फोनवर बजावत होते, त्याच हाताने ती आता वल्हं मारत होती. एका फळीवर दोघी, अशा दहा फळ्यांवर वीस जणी, पुढे नगारा वाजवणारी एक आणि मागे सुकाणू धरणारी एक. महिन्याची वर्गणी भरायची, आठवड्यातून दोनदा सरावाला जायचं. तिचा आणि पाण्याचा एवढाच संबंध.

बोलता बोलता तिने विचारलं, "ताई, आपल्याकडे असं काही होतं का गं?"

मी सोलापूरची. एकोणतीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून बादल्या, कळश्या, पातेली मांडून ठेवणाऱ्या गावात होड्यांचा इतिहास कसला, असं म्हणून मी हसले. पण प्रश्न डोक्यात राहिला. निवृत्त मास्तरणीला रिकामा वेळ भरपूर असतो.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. त्यामुळे सोलापुरात पाणी म्हणजे तळं, आणि तळं म्हणजे माणसांनी कष्टाने अडवलेलं पाणी. शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिवभक्तांना हाताशी धरून तो खोदला, ही आमची परंपरा. उत्तरेला हिप्परग्याचा एकरुख तलाव. आदिला नदी अडवून इंग्रजांनी 1871 साली तो पुरा केला. तिकडे कंबर तलाव, त्याचं नाव आता धर्मवीर संभाजी तलाव. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत आम्ही तलावाच्या काठावर बसून भजी खात असू. पण पाण्याकडे वाट म्हणून बघायची सवय सोलापूरकराला नव्हती. आमच्या लेखी पाणी साठवायचं, प्यायचं, शेताला द्यायचं. पाण्यावरून कुठे जायचं, हा विचार करायला भीमेकाठी जावं लागतं.

भीमा जिल्ह्यातून नागमोडी वाहते. नीरा तिला नरसिंगपूरला मिळते, माण आणि सीना खाली येऊन मिळतात. आठ महिने या नद्यांना उतार असे. म्हणजे गुडघाभर, फार तर कमरेइतक्या पाण्यातून बैलगाडीसकट पलीकडे जायचं. मग एका रात्रीत सगळं बदलायचं. सह्याद्रीत पाऊस पडायचा आणि आमच्याकडे निरभ्र आकाशाखाली पूर यायचा. ही नदी परक्या माणसाला फसवते ती इथेच.

तिने फसवलेला सगळ्यात मोठा परका म्हणजे औरंगजेब. 1695 ते 1699 अशी चार वर्षं त्याची मुख्य छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरच्या शेजारी, भीमेच्या काठी होती. गावाचं नाव बदलून त्याने इस्लामपुरी केलं, पण नदीला ते कुणी सांगितलं नसावं. पुढे 1700 च्या ऑक्टोबरात त्याचा मुक्काम सांगोल्याजवळ खवासपूरला पडला. माण नदी कोरडी होती, म्हणून तंबू काठांवर उभारले तसे पात्रातही उभारले. डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. त्या गोंधळात पाय घसरून बादशहाचा उजवा गुडघा निखळला. हकिमांनी उपाय केले, पण तो पुढे कायमचा थोडा लंगडत राहिला. दरबाऱ्यांनी म्हणे त्याची समजूत घातली, की हा तर थोर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा! वर्गात ही गोष्ट सांगितली की पोरं खूश व्हायची. मी त्यांना विचारायची, "खवासपूरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतं, तर त्याने पात्रात तंबू ठोकू दिला असता का?"

त्या म्हाताऱ्याला नदी पार करायच्या तीन-चार तऱ्हा ठाऊक असणार. उतार असेल तर पायी. पाणी चढलं तर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाखाली बांधून पोहत. बायामाणसं, पोरं, धान्य न्यायचं तर गूळ कढवायची काहील पाण्यात सोडायची आणि पोहणाऱ्यांनी ती चहूबाजूंनी ढकलत न्यायची. माझ्या एका मावशीची लग्नानंतरची पहिली पाठवणी काहिलीतून झाली होती. "नव्या साडीला गुळाचा वास लागला तो चार धुण्यांनी गेला नाही," असं ती सांगे. आणि जिथे रस्ता मोठा, वर्दळ रोजची, तिथे तर. तर म्हणजे नावेने नदी उतरायची नेमलेली जागा. हा शब्द आता फक्त कागदोपत्री उरला आहे.

तर हे उत्पन्नाचं साधन होतं. 1868 साली मुंबई इलाख्यात तरींचा कायदा झाला. कोणती तर सार्वजनिक, ते सरकार जाहीर करणार. माणसाला किती, लादलेल्या बैलाला किती, गाडीला किती, हे दर ठरवून देणार. आणि ती चालवायचा मक्ता लिलावाने देणार. नेमलेल्या तरीच्या जवळ दुसऱ्या कुणी भाडं घेऊन नाव घालायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणाऱ्या कोळ्याला आपल्याच नदीवर नाव घालायला आता मक्तेदाराकडे बघावं लागलं. लिलावात बोली लावायची ऐपत ज्याच्याकडे असते, त्याचा हात वल्ह्याला लागलेलाच असतो असं नाही.

आमच्या जिल्ह्यात नाव आणि माणूस यांचं नातं सगळ्यात घट्ट राहिलं ते पंढरपुरात. तिथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. नदीच्या पात्राला तिथे वाळवंट म्हणतात. त्या वाळवंटात पुंडलिकाचं देऊळ आहे आणि त्याची पूजाअर्चा महादेव कोळी समाजाकडे. वारकऱ्याचा क्रम ठरलेला असतो. आधी चंद्रभागेत स्नान, मग पुंडलिकाचं दर्शन, मग पांडुरंग. म्हणजे विठ्ठलाच्या पुजाऱ्यांच्या, बडव्या-उत्पातांच्या, दारात पोचायच्या आधी प्रत्येक यात्रेकरू कोळ्यांच्या दारातून जायचा. नदीवर होड्या त्यांच्याच आणि नदीतल्या देवळात निरांजनही त्यांच्याच हातात. होडीवाल्याच्या बोलण्यात जो एक ताठा असतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

आळंदी-देहूच्या पालख्यांना या होड्यांची तशी गरज नव्हती. त्या वाखरीवरून, म्हणजे गावाच्याच काठाने येतात. नीरा त्यांनी आधीच ओलांडलेली असते. अडायचे ते आम्ही, पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे. मोहोळच्या रस्त्याने येणारे सोलापूरकर, बार्शीकर, पार मराठवाड्यातून चालत आलेल्या दिंड्या. त्यांना कळस पैलतीरावर दिसायचा आणि मधे आषाढातली नदी असायची. इतके दिवस चालून आल्यावर शेवटचे काही हात अंतर स्वतःच्या पायांनी कापता यायचं नाही. ते दुसऱ्याच्या वल्ह्यावर सोपवावं लागायचं.

माझी पहिली नाव तीच. 1969 ची कार्तिकी असेल, मी आठ वर्षांची. आजी मला घेऊन सोलापुराहून एस.टी.ने निघाली. दगडी पूल होता, त्यावरून सरळ चालत गावात जाता आलं असतं. पण आजी अडून बसली. "पुलावरून गेलं की पुंडलिक बाजूला राहतो," म्हणाली. नाव रुंद, सपाट बुडाची, डांबराच्या वासाची. चपला काढूनच चढायचं. पुढच्या अंगाला कडेला अडकवलेली दोन लांब वल्ही आणि मागे काठी घेतलेला म्हातारा. पंधरा-वीस माणसं, दोन पडश्या, एक वीणा, एक रडणारं पोर. नाव हलली तसा कुणीतरी पुंडलिकाचा गजर केला आणि सगळे एका सुरात ओरडले. मी म्हाताऱ्याकडे बघत होते. गजराच्या शेवटच्या ओढीवर त्याची काठी रुतायची. गजर त्याच्या काठीवर चालला होता की काठी गजरावर, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. बहिणीच्या नावेतला नगारा पाहिला तेव्हा पहिल्यांदा आठवला तो हा म्हातारा.

उतरताना मी वल्ह्याला हात लावला. आजीने हातावर चापट मारली. "ते त्यांचं काम. आपण बसायचं." त्या चापटीत राग नव्हता, व्यवस्था होती. वीणेकऱ्याने वीणा धरायची, बडव्याने देव धुवायचा, कोळ्याने वल्हं मारायचं. बाईने तर नुसतं बसायचं.

पुढे नदीच बदलली. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1906 मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला आली होती, तेव्हापासून पायवाटा आणि उतार मागे पडायला लागलेच होते. मग जागोजागी पूल झाले. तरीचा मक्ता घ्यायला कोणी उरलं नाही. आणि 1980 साली उजनीचं धरण पुरं झालं. माझे वडील धरणाच्या कामावर कारकून. चार वर्षं आम्ही भीमानगरच्या वसाहतीत राहिलो. जेवताना वडील टीएमसीमध्ये बोलायचे. 117 टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी दरवाजांच्या पातळीखालचं, मृत साठ्याचं. "मेलेलं पाणी पण आपल्याला जगवतं बघ," हा त्यांचा ठरलेला विनोद. त्या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस आणला. आणि पंढरपुरात पाणी कधी यायचं हे ठरवणं पावसाच्या हातून पाटबंधारे खात्याच्या हातात गेलं. आता वारीच्या तोंडावर स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. वारकऱ्यांना डुबकी मिळते, होडीवाल्यांना हंगाम.

गंमत अशी, की धरणाखाली ज्या नदीवरच्या नावा कमी झाल्या, तीच नदी धरणाच्या वर गावागावांत नावा घेऊन आली. यशवंतसागराने, म्हणजे उजनीच्या जलाशयाने, जुने रस्ते आणि उतार गिळले. करमाळ्याकडची गावं आणि इंदापूरकडची गावं समोरासमोर दिसतात, पण रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. लोक लाँचमध्ये मोटारसायकल चढवतात आणि पलीकडे जातात. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली अशीच एक नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यात लहान मुलं होती. एकटा पोहून काठाला लागला. दोन दिवस मी टीव्हीसमोरून हलले नाही. नाव ही हौस नसून नाइलाज असतो तेव्हा ती कशी असते, हे आमच्या जिल्ह्याला दर पिढीत एकदा नव्याने कळतं.

मग हौसेची नाव आपल्याकडे आलीच नाही का? आली, पण आमच्या भीमेत नाही. शेजारी सांगलीला जा. पावसाळ्यात कृष्णा भरली की तिथे होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, कसबे डिग्रज अशा गावांचे चमू उतरतात. लांब, निमुळत्या होड्या, रांगेत बसलेले वल्हेकरी, 1929 च्या आयर्विन पुलावर आणि घाटांवर ही गर्दी. चमूंना नावं बोट क्लबची असली तरी जीव तालमीचा. तोच खुराक, तीच ईर्ष्या, हरल्यावर वर्षभर ऐकावे लागणारे तेच टोमणे. मला त्यात विशेष वाटतं ते हे, की वल्हं तिथे एका समाजाचं न राहता गावाचं झालं. ज्याच्या खांद्यात दम, तो फळीवर.

पुण्याला आणखी वेगळं घडलं. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळा-मुठेवर आहे, त्यांचा रेगाटा 1928 पासूनचा. तिथे वल्हं कॉलेजच्या प्रवेशाबरोबर मिळतं. आणि खडकीला लष्कराच्या इंजिनिअर दलात दत्तू भोकनळला ते नोकरीबरोबर मिळालं. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव, आमच्याइतकंच दुष्काळी. विहिरी खोदायला जाणारा हा पोरगा सैन्यात गेला. पाण्याची भीती होती, तरी वल्हवायला शिकला. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तो तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्ण घेतलं. जन्माने, गावाने, कॉलेजने, नोकरीने अशी वल्ह्याकडे जायची वाट आपल्याकडे रुंद होत गेली, पण "मला वाटलं म्हणून आले" एवढ्यावर नावेत जागा मिळायची नाही.

ड्रॅगन बोटीचा प्रवासही असाच आहे, हे मी नंतर वाचलं. चीनमध्ये पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला या शर्यती व्हायच्या. च्यु युआन नावाच्या कवीने नदीत जीव दिला, लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले, माशांनी त्याला खाऊ नये म्हणून नगारे वाजवले, पाण्यात भात टाकला, अशी त्यामागची कथा. म्हणजे तीही मुळात आपापल्या गावाची, आपापल्या काठाची नाव. 1976 मध्ये हाँगकाँगने परदेशी चमू बोलावून आंतरराष्ट्रीय शर्यत भरवली आणि ती नाव जगभर गेली. व्हँकूव्हरमध्ये 1996 साली डॉन मॅकेंझी या डॉक्टरांनी तिच्यात कर्करोगातून उठलेल्या चोवीस बायका बसवल्या. तोवर सांगत असत, की अशा ऑपरेशननंतर हाताला जोर लावायचा नाही, हात सुजेल. त्या चोवीस जणींनी हंगामभर वल्हं मारलं. हात सुजले नाहीत, समज बदलली. "अब्रेस्ट इन अ बोट" नावाने त्यांनी सुरू केलेली रीत पुढे अनेक देशांत गेली. माझी बहीण पाचव्या फळीवर बसली ती त्यांच्यामुळे. आणि "हाताला जपायचं" हे माझं पालुपद किती जुनं होतं, तेही मला त्यांच्यामुळेच कळलं.

मार्गशीर्षात बहीण आली. या महिन्यात विठोबा देवळात नसतो, विष्णुपदाला असतो, असं मानतात. पंढरपूरकर डबे घेऊन तिकडे जातात. आम्ही घाटावरून होडी केली. होडीवाला पन्नाशीचा. वरून हिरवी, आतून पिवळी अशी नवी रंगवलेली नाव. चपला काढून चढलो. पुंडलिक मागे पडला, पाणी संथ झालं, तशी बहीण म्हणाली, "दादा, एक वल्हं माझ्याकडे द्या की."

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. "जड हाय, माउली." तिने बाही वर सारली. त्याने वल्हं दिलं.

पहिल्या चार हातांत आमची नाव गोल फिरली. ती व्हँकूव्हरच्या लयीत भराभर मारत होती आणि तो भीमेच्या. "आवं, पाणी कशाला हाणताय?" तो म्हणाला. "वल्हं पाण्यात रोवायचं आन नाव वल्ह्याकडं वढून घ्यायची." बहीण दचकून थांबली. मग मोठ्याने हसली. "ताई, आमची कोच अक्षर न् अक्षर हेच सांगते!"

पुढचं थोडं अंतर नाव सरळ गेली. मी बसून होते. आजीची चापट आठवत होती, पण हात मांडीवरच राहिला. काही सवयी मोडायला नुसती इच्छा पुरत नाही.

होडीवाल्याने चौकशी केली. तिकडे किती जणी असतात, नाव कशाची असते, शर्यतीला किती वेळ लागतो. मग त्याला पडलेला खरा प्रश्न त्याने विचारला. "तिकडं ह्याचं पैसं किती मिळत्यात?"

"मिळत नाहीत. आम्हीच भरतो. दर महिन्याला."

त्याचं वल्हं हवेतच थांबलं. "वल्हं माराया पैसं भरायचं?"

"हो."

त्याने दोन-तीन हात काही न बोलता मारले. त्याचा आजा मक्तेदाराच्या नावेवर राबला असेल, बाप वारीच्या हंगामावर जगला असेल. त्याचा मुलगा बारावीला आहे आणि त्याला होडीवर यायचं नाही, हे चढतानाच त्याने सांगितलं होतं.

विष्णुपद आलं. काठावर परतीची माणसं ताटकळत होती, "ए होडीवाले" म्हणून हाका मारत होती. त्याने बहिणीच्या हातातून वल्हं घेतलं आणि जागेवर ठेवलं. मी पैसे काढले. बहिणीने वल्हं मारलं म्हणून काही कमी करशील का, असं मी गमतीने विचारलं.

"कमी का म्हून?" तो म्हणाला. "तिकडं त्या भरत्यात न्हवं?"

आणि ठरलेलं भाडं त्याने मोजून घेतलं.